गिअर मऊ नको, घट्ट पडू दे!



बोईसरच्या गॅरेजात तुमच्यापैकी बरेच जण ऑटोमॅटिक गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, "गिअर लोण्यासारखा पडायला हवा." टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये क्लच प्लेट्स तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. दाब कमी पडला, तर त्या घसरत घसरत पकडतात. आपल्याला ते मऊ वाटतं, पण प्लेट्स झिजतात, तेल करपतं. तारापूर एमआयडीसीच्या ट्रकांमागे रांगत पालघर गाठताना तेल आणखी तापतं. मग एक दिवस मस्तान नाक्याला हायवेवर चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी उचलत नाही आणि मागून ट्रेलर येत असतो.

शिफ्ट किटने व्हॉल्व्ह बॉडीतला दाब वाढतो, गिअर पटकन आणि घट्ट पडतो. पण झिजलेल्या प्लेट्सवर ते औषध नाही. आधी तेल बघा. काळं, करपट वासाचं असेल, तर पैसे किटवर नको, दुरुस्तीवर घाला. चांगलं असेल, तर कंपनीने सांगितलेल्या प्रतीचंच तेल वेळेवर बदला आणि पातळी ठरलेल्या तापमानालाच तपासा.

एएमटीवाल्यांनो, तुमचा क्लच साधाच असतो. हे किट तुमच्यासाठी नाही. बाकीच्यांनी जेवण झाल्यावर गाडीची चावी माझ्याकडे द्या.