दुर्गाबाईंच्या अलिबागेत आपले स्वागत

कोणी लाँचने मांडव्याला उतरून, कोणी वडखळच्या रस्त्याने, तर कोणी मुरूड-श्रीवर्धनहून पहाटेची एसटी धरून इथवर आलेले रसिकजनहो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचा महिमा सांगावा, अशी रीत आहे. कुलाबा किल्ला समोर उभा आहे, कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे, १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळाही आहे. ते सारे आमचे कार्यकर्ते आपल्याला हौसेने दाखवतील. मला मात्र माझा वेळ एकाच व्यक्तीसाठी वापरायचा आहे. उतारवयात मुंबई सोडून त्या आमच्या अलिबागला राहायला आल्या. त्या म्हणजे दुर्गा खोटे. चित्रपटाचे संमेलन या गावात भरते आहे, तेव्हा पहिला नमस्कार त्यांनाच.

दुर्गाबाई म्हटले की बहुतेकांना 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते, तरुणांना फार तर 'बॉबी'तली आजी. त्या भूमिका मोठ्याच आहेत. पण गेली कित्येक वर्षे मला एक गोष्ट खटकते. आपण त्यांना पडद्यावरची आई म्हणून हार घातला आणि पडद्यामागची निर्माती विसरून गेलो. आज या व्यासपीठावरून मला त्या निर्मातीची आठवण जागवायची आहे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेर मुंबईतल्या लाड घराण्याचे. वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथेड्रल आणि सेंट झेवियर्समध्ये. सासर खोट्यांचे, तेही सधन. पुढे सासरची आर्थिक घडी विसकटली, पदरी दोन लहान मुले, आणि शिकवण्या करून भागेना. अशा वेळी १९३१ मध्ये 'फरेबी जाल'मध्ये छोटे काम मिळाले. सिनेमात काम करणे हे त्या काळी घरंदाज बाईला शोभणारे मानत नसत, आणि जाहिरातीत तर माहेर-सासर दोन्हींचा डंका पिटलेला. गहजब व्हायचा तो झाला. दुसरी एखादी असती तर तिने कायमचे दार लावून घेतले असते. पण कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीतून शांतारामबापूंनी विचारले आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला. त्यात दुर्गाबाई तारामती आणि गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र.

त्या कामाचे कष्ट जरा जवळून पाहा. पार्श्वगायन तेव्हा आलेले नव्हते. नट-नटीने कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्वतःच गायचे, वादकांनी दृश्याच्या चौकटीबाहेर दडून साथ करायची, आणि गाणे व अभिनय एकाच दमात मुद्रित व्हायचे. शेवटच्या ओळीत सूर हलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय चित्रपट दोन भाषांत. मराठीचे दृश्य संपले की तेच हिंदीत. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या, रंगभूमीचा सराव नसलेल्या बाईने हे पेलले.

पुढे 'मायामच्छिंद्र'मध्ये त्या सिंहासनाशेजारी जिवंत चित्ता घेऊन बसल्या. 'अमरज्योती'तली त्यांची सौदामिनी आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाने तर पाहायलाच हवी. राज्याचा कायदा आईला मुलाचा ताबा देत नाही, म्हणून ती समुद्रावर जाते आणि चाच्यांची नायिका होते. १९३६ साली एका मराठी बाईने गलबतावर उभे राहून हुकूम सोडलेले प्रेक्षकांनी पाहिले. आंग्र्यांच्या आरमाराच्या गावात हा चित्रपट कधी मोठ्या पडद्यावर लागायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. त्या काळात कलावंत कंपनीचा महिना पगारी नोकर असे. दुर्गाबाई एकाच कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. कोल्हापूरहून त्या कलकत्त्याला गेल्या, देवकी बोस यांच्याकडे 'सीता' केली, पुन्हा मुंबईला आल्या. आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, हा बाणा त्यांनी इतक्या लवकर दाखवला. तिशी ओलांडल्यावर लगेच, १९३७-३८ च्या सुमारास, 'साथी' अर्थात मराठीतला 'सवंगडी' काढून त्या निर्मातीही झाल्या. मूकपटाच्या काळात फातमा बेगम यांनी हे धाडस केले होते. त्यानंतर या वाटेवर बायका फार थोड्या होत्या.

आणि ही हौस एका चित्रपटापुरती नव्हती. आधी फॅक्ट फिल्म्स, मग दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स अशा संस्था काढून त्यांनी अनुबोधपट, लघुपट, जाहिरातपट केले. या कामाला ना टाळ्या, ना हार. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, म्हणजे वीस सेकंदांच्या जाहिरातीला अवघे तीस फूट. तेवढ्यात वस्तू दिसली पाहिजे, माणूस दिसला पाहिजे, गोष्ट पुरी झाली पाहिजे. वाया गेलेला प्रत्येक फूट निर्मात्याच्या खिशातून जातो. राजराण्या रंगवलेल्या बाईंनी हा हिशेब वर्षानुवर्षे सांभाळला, याचे मला फार मोल वाटते.

दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सनेच १९८८ मध्ये दूरदर्शनला 'वागळे की दुनिया' दिली. आर. के. लक्ष्मण यांची पात्रे, कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. आमच्याकडे रविवारी सकाळी शेजारपाजार धरून सारे ज्या टीव्हीपुढे बसत, त्या टीव्हीवरच्या या साध्या कारकुनाच्या घरामागे ऐंशी पार केलेल्या दुर्गाबाईंची संस्था होती, हे किती जणांना ठाऊक होते?

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६८ ची पद्मश्री, १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे सर्वांना माहीत आहे. साहित्य संघाच्या रंगमंचावरचे त्यांचे काम हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. आत्मचरित्र 'मी दुर्गा खोटे' उपलब्ध आहे, शांता गोखले यांनी ते इंग्रजीतही नेले. २२ सप्टेंबर १९९१ रोजी दुर्गाबाई गेल्या.

रसिकहो, आमच्या किनाऱ्यावर चित्रीकरणाच्या गाड्या सतत येतात. नारळ-सुपारीच्या वाड्या आणि समुद्र टिपून संध्याकाळी परत जातात. आमची मुले लाइट उचलतात, जेवणाचे डबे पोचवतात. ते काम मानाचेच आहे. पण या मुलामुलींनी पटकथा लिहावी, अंदाजपत्रक मांडावे, निर्माता म्हणून सही करावी, ही माझी तळमळ आहे. म्हणूनच स्वागत समितीने आज दुपारचे सत्र निर्मितीच्या हिशेबाला दिले आहे. पैसा कसा उभा करायचा, करार कसा वाचायचा, कलावंताचे मानधन वेळेवर कसे द्यायचे, यावर अनुभवी मंडळी बोलतील. कॉलेजच्या विद्यार्थिनींसाठी पुढच्या दोन रांगा राखल्या आहेत. त्यांनी वही घेऊन बसावे आणि न लाजता विचारावे.

आणखी एक विनंती. दुर्गाबाईंच्या इथल्या वास्तव्यातली पत्रे, छायाचित्रे, आठवणी कोणाच्या घरी असतील, तर प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर नोंद करा. मूळ वस्तू आपल्याकडेच राहील, आम्ही फक्त प्रत काढून घेऊ.

दुपारी वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी आहे, कोणी न जेवता जाऊ नये. संमेलनाध्यक्षांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, ही नम्र विनंती करून मी आपले पुन्हा एकदा स्वागत करतो.