मोटारींतील खण



आकाशवाणीवरून बोलावयाचें म्हटलें म्हणजे विषय कसा भारदस्त असावा, अशी आपली सर्वांची समजूत असते. मी मात्र आज एका लांकडी पेटीविषयीं बोलणार आहें. ही पेटी माझ्या मोटारीच्या मागील भागांत बसविलेली आहे, तिला दोन खण आहेत, आणि ती मीं शेजारच्या एका सुतारमिस्त्रींच्या मदतीनें घरच्या अंगणांत तयार केली. एवढ्याशा वस्तूसाठीं आपलीं दहा मिनिटें घ्यावींत असें तिच्यांत काय आहे, तें सांगतों.

मी व्यवसायानें पशुवैद्य आहें आणि माझें वास्तव्य हिमायतनगरास आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेजवळचें हें तालुक्याचें गांव. जुन्या माणसांच्या तोंडीं त्याचें वाढोणा हें नांव अजून आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, आणि उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं विदर्भ लागतो. आमच्या जिल्ह्याची लाल कंधारी गाय आपणांस ऐकून माहीत असेलच. तिच्या जोडीला आतां म्हशी आणि संकरित गाई घरोघर आहेत. आजारी माणूस दवाखान्यांत येऊं शकतो. खालीं बसलेली गाय येऊं शकत नाहीं, तिच्याकडे आपणच जावें लागतें. म्हणून माझी मोटार हाच माझा खरा दवाखाना. मागील आसनापाठीमागें सामानाची जी जागा असते, तींत माझा सर्व संसार पडलेला असे : औषधांच्या बाटल्या, सुया, रबरी नळ्या, अडलेल्या गाईला सोडविण्याचे दोर, बादली, रबरी बूट, आणि शिवाय मोटारीचा स्वतःचा जॅक व पाने. प्रत्येक वस्तू गाडींत आहे, एवढें मला नक्की ठाऊक असे. ती कोठें आहे, हें मात्र त्या दिवशींच्या खड्ड्यांवर अवलंबून असे.

कांहीं वर्षांपूर्वीं आषाढांतील एका रात्रीं पैनगंगेकांठच्या एका गांवाहून बोलावणें आलें. आदल्याच दिवशीं व्यालेली संकरित गाय मान कुशीकडे वळवून बसली होती. कान थंड पडले होते. दुग्धज्वर हें उघड दिसत होतें. या रोगांत नांवाप्रमाणें ताप नसतो. व्याल्यावर दूध उतरूं लागतांच रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं घटतें आणि जनावर लुळें पडतें. उपायही तितकाच सरळ आहे. कॅल्शियमचें औषध शिरेंतून सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत दिलें, तर बहुधा तास-दोन तासांत गाय उठून उभी राहते. अट एवढीच कीं, तें वेळेवर दिलें पाहिजे.

मीं मोटारीचें मागील दार उघडलें. मालकानें बॅटरी धरली होती. कॅल्शियमची एकच बाटली बरोबर होती, आणि ती जॅकखालीं फुटलेली सांपडली. दुसरी घरीं होती. ती घेऊन परत येतों तों वाटेंतील ओढ्याला पाणी चढलेलें. तें उतरण्याची वाट पाहून मी गोठ्यांत पोहोंचलों, तेव्हां गाय गेली होती.

मालक रागावला नाहीं. “डाक्टरसाहेब, एवढ्या पावसात तुमी दोनदा आलात, हेच लई झालं,” इतकेंच तो म्हणाला. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. त्या गाईच्या दुधावर त्या घरच्या दोन मुलांचें शिक्षण चालावयाचें होतें. रोगाचें निदान चुकलें नव्हतें, औषधही चुकलें नव्हतें; चुकली होती ती औषध ठेवण्याची रीत.

घरीं येऊन हें सर्व सांगितलें, तेव्हां माझ्या पत्नीनें मला स्वयंपाकघरांत नेऊन मिसळणाचा डबा दाखविला. “अहो, तेल तापल्यावर मी मोहरी शोधत बसले तर फोडणीचं काय होईल?” असें तिनें विचारलें. त्या डब्यांत मोहरी, हळद, जिरें यांच्या वाट्या वर्षानुवर्षें त्याच जागीं आहेत. हात न पाहतां तेथें जातो. पूर्वींच्या न्हाव्याची धोपटी अशीच होती. वस्तरा, कातर, नराणी यांस ज्याचें त्याचें घर असे, आणि ओसरीवर बसल्याबरोबर काम सुरू होई.

फिरत्या गाडीला खण लावण्याची कल्पनाही नवी नाहीं. टेक्सासमधील गुरांचा मालक चार्ल्स गुडनाइट यानें 1866 सालीं लष्कराची एक जुनी गाडी घेऊन तिच्या मागील बाजूस खणांची व कप्प्यांची पेटी बसविली. शेंकडों कोस गुरें हांकीत नेणाऱ्या माणसांचा स्वयंपाक त्या गाडीवर होई. पेटीचें झांकण खालीं पाडलें कीं त्याचेंच मेज बने. हें कळल्यावर मला धीर आला आणि मीं मिस्त्रींना बोलावलें.

आतां कृतीकडे वळूं. आरंभ मापापासून करावा. चाकांवर आंतून जे फुगवटे येतात, त्यांच्यामधील रुंदी माझ्या गाडींत 104 सेंटिमीटर भरली. पेटी 100 सेंटिमीटर रुंद, 85 खोल व 30 उंच धरली. तिला दोन बाजूंच्या व एक मधली अशा तीन उभ्या फळ्या, प्रत्येकी 18 मिलिमीटर जाड. त्यांचे 5.4 सेंटिमीटर वजा जातां 94.6 उरले, म्हणजे प्रत्येक खणास 47.3 सेंटिमीटरचें घर मिळालें. खण मात्र 46.7 सेंटिमीटरचाच केला. दोहों बाजूंस तीन तीन मिलिमीटरची जी फट राहिली, ती सुताराची चूक नव्हे. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, आणि त्या वेळीं खण अडकला तर सारी मेहनत फुकट जाते.

फळ्यांसाठीं पाणी सोसणारें प्लायवूड घेतलें. खणांना 12 मिलिमीटर जाडीचें पुरलें. तरीही पेटी रिकामीच चाळीस किलोंच्या वर गेली. भरल्यावर तिचें वजन एका धट्ट्याकट्ट्या माणसाइतकें होतें, हें लक्षांत ठेवूनच गाडींत माणसें घ्यावींत.

पहिल्या खेपेस मीं हौसेनें लोखंडी गोळ्यांवर सरकणारे चॅनेल बसविले होते. असा प्रत्येक चॅनेल 12.7 मिलिमीटर जागा खातो, म्हणून खण अधिक अरुंद करावे लागले. घरच्या मेजाला ते उत्तम आहेत. परंतु आमच्या रस्त्यांवरची बारीक धूळ त्यांच्या तेलांत बसली आणि एका उन्हाळ्यांत ते करकरूं लागले. मिस्त्री हंसून म्हणाले, “साहेब, माझ्या आज्याच्या फडताळाला कुठं चॅनेल होते? सागाच्या पट्ट्या लावू.” मग खणच नवे केले. खालीं सागाच्या गुळगुळीत पट्ट्या बसविल्या आणि त्यांवर मेणबत्ती घांसली. दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां घांसावी लागते. याखेरीज त्यांची कांहीं तक्रार नाहीं.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ताशीं 50 किलोमीटर वेगानें जाणारी मोटार आदळून एकाएकीं थांबली, तर तिच्यांतील 10 किलोंची सुटी वस्तू जवळजवळ 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, पडल्याइतक्या जोरानें पुढें जाते. पुढें आपलीं माणसें बसलेलीं असतात! म्हणून सामान खणांत घालणें पुरेसें नाहीं, पेटीही गाडीशीं जखडली पाहिजे. मूळच्या कड्या व बोल्टांच्या जागा यांचाच मीं उपयोग केला आणि जाड लोखंडी पट्ट्यांनीं पेटी आंवळली. गाडीच्या तळाला नवें भोंक पाडूं नये. खालून इंधनाची टांकी आणि ब्रेकच्या नळ्या जातात. जड वस्तू तळाशीं, आसनाच्या बाजूस ठेवाव्यात. ब्रेक लागतांच खणाचा धक्का पेटीच्या पाठीवर येतो, म्हणून ती पाठ भक्कम हवी. आणि किनवटकडील चढावर खण आपोआप मागें सरकतो, म्हणून त्यास बाहेरून कडी हवीच. जादा चाक आणि जॅक पेटीखालीं गाडले जाणार नाहींत, हेंही पाहावें. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52वें कलम नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करतें; म्हणून आसनें काढून जागा वाढविण्याच्या मोहांत पडूं नये आणि शंका आल्यास परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें.

खणांची मांडणी माझ्या कामाप्रमाणें आहे. डाव्या खणांत तातडीचें सामान : कॅल्शियमच्या दोन बाटल्या, प्रत्येकीला नमद्याचें अस्तर लावलेलें स्वतंत्र घर, शेजारीं सुया आणि नळ्या. उजव्या खणांत दोर, हातमोजे आणि हत्यारें. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्यें ठेवाव्या लागतात, म्हणून त्यांचा बर्फाचा डबा पेटीवर पट्ट्यानें बांधलेला असतो. दर रविवारीं सकाळीं मी एक लहानशी परीक्षा देतों. डोळे मिटून खण ओढावयाचा आणि पत्नी सांगेल ती वस्तू काढून दाखवावयाची. चुकलों तर ती हंसते आणि मी खण पुन्हां लावतों.

ही पेटी झाल्यापासून सर्वच जनावरें वांचलीं, असें मी म्हणणार नाहीं. कांहीं वेळां बोलावणें उशिरा येतें, कांहीं वेळां रोगच आपल्या हाताबाहेरचा असतो. परंतु औषध गाडींत असून हातीं लागलें नाहीं, म्हणून त्यानंतर एकही गाय गेली नाहीं.

आपणांपैकीं बहुतेकांना गाईगुरांशीं कांहीं कर्तव्य नसेल. तरी ज्यांच्या घरीं मोटार आहे, त्यांनीं हें भाषण संपल्यावर तिचें मागील दार एकदां उघडून पाहावें. प्रथमोपचाराची पेटी, बॅटरी आणि जॅक या तीन वस्तू अंधारांत, पावसांत, घाबरलेल्या हाताला सांपडतील काय, एवढाच प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर शेजारीं एखादे मिस्त्री असतीलच.