कामाचे तास आणि दारूचा पेला

तरुण कामगार दारूकडे कां वळतो, असा प्रश्न निघाला कीं सुशिक्षित घरांतून त्याचें उत्तर बहुधा एका शब्दांत मिळतें : संगत. संगतीचा वांटा कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु पेला हातीं घेण्यापूर्वीं तो तरुण किती तास राबला होता, हें विचारल्यावांचून निदान पुरें होत नाहीं.

मुंबईच्या गिरणगांवाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. कोंकणांतून वा घाटावरून आलेला विशीचा तरुण घरच्यांना गांवीं ठेवून चाळीच्या एका खोलींत अनेकांबरोबर राही आणि खाणावळींत जेवी. १८८१ च्या कारखान्यांच्या कायद्यानें संरक्षण दिलें तें केवळ मुलांना. प्रौढ पुरुषाच्या तासांना कसलीच मर्यादा नव्हती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हां सूर्यास्तानेंहि काम थांबेना. अशा दिवसाच्या शेवटीं ना वाचण्याचें त्राण उरे, ना जवळ घरचें माणूस असे. शीण तात्काळ विसरविणारी वस्तु मात्र वाटेंतच मिळे.

ही स्थिति हळूहळू पालटली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनीं १८९० मध्यें आठवड्याची सुट्टी मिळाली. कापडगिरण्यांतील दिवस १९११ च्या कायद्यानें १२ तासांवर आला. पुढें १९२२ मध्यें ११, १९३४ मध्यें १० आणि १९४८ मध्यें ९ तास अशी मर्यादा ठरली. फुरसत वाढली कीं पिणेंहि वाढेल, अशी शंका येथें कोणी घेईल. रिकाम्या वेळाला दुसरी वाट नसेल, तर ती शंका खोटी नाहीं. म्हणूनच नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ मध्यें स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगनें रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं, याचें मोल मोठें. उलट, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें दुकानांना कुलुपें लागलीं खरीं, पण चोरून हातभट्ट्या पेटल्याच. दुकान बंद करणें सोपें. शीण बंद करणें अवघड.

आतां ही गोष्ट गिरणीपुरती राहिलेली नाहीं. अनेक देशांतील लक्षावधि लोकांची माहिती एकत्र करून २०१५ मध्यें ब्रिटिश मेडिकल जर्नलनें एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणारांपेक्षां ४९ तास वा अधिक राबणारांत धोकादायक मद्यपानाचा आरंभ सुमारें १२ ते १३ टक्क्यांनीं अधिक आढळला. फरक लहान आहे, आणि तास हेंच एकमेव कारण असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. पण स्त्री-पुरुष, तरुण-प्रौढ, गरीब-सुखवस्तु, सर्वांत तो सारखाच दिसला. अर्थात् हा दोष केवळ चाळींतला आणि कचेरींतला नव्हे, असें मानून स्वस्थ बसतां येणार नाहीं.

तेव्हां घरांतला तरुण रात्रीं उशिरां परतला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं घड्याळाकडे पाहावें, आणि तो सकाळीं किती वाजतां बाहेर पडला होता, हें आठवावें. उपदेशाचें काम त्यानंतरचें आहे.