मालवाहू ट्रेलर आणि स्थानदर्शक यंत्र



मुरगाव बंदरातून निघालेला माल अनमोडचा घाट चढून बेळगावकडे जातो, तेव्हा त्या वाटचालीवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो. कर्ज काढून एकच ट्रेलर घेतलेल्या मालकाचे तर ते सारे भांडवल असते. ओढणारे वाहन चालकाच्या ताब्यात असते. परंतु सुटा केलेला ट्रेलर माल उतरेपर्यंत एखाद्या आवारात एकटाच उभा राहतो. ओढणाऱ्या वाहनातील यंत्र अशा वेळी त्याचा ठावठिकाणा सांगू शकत नाही. म्हणून ट्रेलरला स्वतंत्र स्थानदर्शक यंत्र असणे अगत्याचे आहे.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांचे संदेश हे यंत्र ग्रहण करते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की त्यास आपले स्थान ठरविता येते व मोबाइलच्या जाळ्यातून ते मालकास कळविले जाते. घाटात हे जाळे विरळ असते. यास्तव नोंदी साठवून ठेवणारे आणि जाळे मिळताच त्या पाठविणारे यंत्र निवडावे.

यंत्र बसविताना जागेची निवड महत्त्वाची. लोखंडी पेटीच्या आत किंवा कंटेनरखाली मधोमध ते बसविल्यास आकाश झाकले जाते. बंद ट्रेलरवर छताची पुढील कड व कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरवर चौकटीची बाहेरील कड योग्य ठरते.

दुसरा प्रश्न विजेचा. ट्रेलरला वीज मिळते ती पुढील वाहनाच्या जोडतारेतून. ती सुटली की वीजही खंडित होते. तेव्हा यंत्रात स्वतःची बॅटरी असावी आणि ट्रेलर हलताच ते जागे व्हावे. दिव्यांच्या तारेतून वीज घेताना मध्ये फ्यूज घालावा; ब्रेकच्या तारांना मुळीच हात लावू नये. पावसाळ्यापूर्वी सांधे पाणी शिरणार नाही असे बंद करावेत. चौकटीवर वेल्डिंग करावयाचे झाल्यास यंत्राच्या तारा आधी सोडवाव्यात. अखेरीस ट्रेलर जोडून आणि सुटा करून, अशा दोन्ही स्थितींत नोंद येते की नाही याची खात्री करावी व यंत्राचा क्रमांक ट्रेलरच्या नोंदणी क्रमांकासह वहीत लिहून ठेवावा.

ही व्यवस्था चालकापासून लपवून ठेवणे उचित नव्हे. घाटातील कोंडीत गाडी अडकली, तर उशिराचे खरे कारण सिद्ध करणारा पुरावा त्याच नोंदीत असतो. यंत्रामुळे चालकावर अविश्वास दाखविला जातो, हा समज त्यामुळे दूर होईल.

कुलूप व राखणदार यांची जागा हे यंत्र घेऊ शकत नाही. परंतु ट्रेलर अवेळी हलला, तर मालकास त्याची वार्ता लवकर मिळते आणि शोध कोठून सुरू करावा हे पोलिसांना सांगता येते. चोरीनंतरचे पहिले काही तास मोलाचे असतात. ते वाया न जाणे, हाच या लहानशा यंत्राचा मोठा लाभ होय.