ओव्हल मैदानाचा वारसा : कायदा आणि कर्तव्य
(व्याख्यानाचा सारांश)



नगराची श्रीमंती त्याच्या पेढ्यांवरून मोजली जाते. परंतु त्याची संस्कृती ओळखली जाते ती त्याने जतन केलेल्या वास्तूंवरून. या दृष्टीने मुंबईचा फोर्ट विभाग आणि त्यातील ओव्हल मैदानाचा परिसर विशेष चिंतनीय आहे.

1862 नंतर, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यात आले. मोकळ्या झालेल्या जागेवर मैदानाच्या पूर्वेस सचिवालय, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय यांच्या गॉथिक शैलीतील इमारतींची रांग उभी राहिली. पुढे समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीवर, 1930 च्या दशकात, पश्चिमेस आर्ट डेको शैलीतील निवासी इमारती आल्या. एकीकडे दगडी कमानी व मनोरे, दुसरीकडे गोलाकार सज्जे आणि मध्ये हिरवे मैदान! दोन शतके येथे समोरासमोर उभी आहेत.

या रांगेतील राजाबाई टॉवरचे जैन समाजाशी जिव्हाळ्याचे नाते आहे. सुरतेत जन्मलेले दानशूर व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी उदार हस्ते दान दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. दृष्टी गमावलेल्या मातेला घंटानादावरून वेळ कळावी आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा तिचा नियम पाळला जावा, हा त्यामागील हेतू होता, अशी आख्यायिका आहे. 1865 मध्ये सट्टाबाजार कोसळला आणि शेठजींचे वैभव ओसरले. मनोरा मात्र 1869 ते 1878 या काळात बांधून पूर्ण झाला. संपत्ती गेली, दान उरले.

अशा वास्तूंना कायद्याचे कवच लाभले ते 1995 मध्ये. त्या वर्षी बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. भारतातील शहरांमध्ये या स्वरूपाचा हा पहिलाच प्रयत्न होता. वास्तूंची महत्त्वानुसार पहिली, दुसरी व तिसरी अशी श्रेणी ठरवण्यात आली आणि बदलाचे प्रस्ताव तपासण्यासाठी वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. नियमावलीचा खरा विशेष असा की, तिने सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरांनाही संरक्षण दिले. मनोरा राखला, पण त्याच्यासमोरचे मैदान बांधकामाखाली गेले किंवा समोरच्या ठेंगण्या रांगेत एखादी उत्तुंग इमारत घुसली, तर मनोरा उभा राहूनही वारसा हरपेल, हे त्यामागील तत्त्व आहे.

30 जून 2018 रोजी युनेस्कोने या गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. 66.34 हेक्टरचे मूळ क्षेत्र आणि त्याभोवती सुमारे 379 हेक्टरचा संरक्षक पट्टा, अशी त्याची व्याप्ती आहे.

तथापि कायदा पाडकाम रोखू शकतो, ढासळणे रोखू शकत नाही. याच विभागातील, काळा घोडा येथील पूर्वीचे वॉटसन हॉटेल याची साक्ष देते. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून येथे जोडलेली ही वास्तू. 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र मुंबईकरांनी येथेच प्रथम पाहिले. वारसा यादीत असूनही 2005 मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि 2019 मध्ये धोकादायक ठरवून ती रिकामी करावी लागली. जुन्या इमारतींत भाडे वर्षानुवर्षे नाममात्र राहते, मालकास दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूस घर सोडवत नाही, आणि दोघांच्या ओढाताणीत वास्तू झिजत जाते. मालकाचा बोजा आणि रहिवाशाचे भय, दोन्हींचा विचार केल्यावाचून संवर्धन यशस्वी होणार नाही.

येथे जीर्णोद्धाराची परंपरा मार्गदर्शक ठरते. नवे मंदिर उभारण्याइतकेच जुन्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचेही पुण्य जैन परंपरेने थोर मानले आहे. राजाबाई टॉवरचा जीर्णोद्धार 2015 मध्ये पूर्ण झाला, तोही दानाच्या बळावर. गळके छप्पर वेळीच दुरुस्त करणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप उपटणे, दर्शनी भाग विद्रूप करणारा फलक न लावणे, ही कामे लहान असली तरी कायद्याला जे साधत नाही ते त्यांतून साधते.

शासनाने नियम केले आहेत, जगाने गौरव केला आहे. आता वास्तू टिकवणे हे समाजाचे कर्तव्य आहे. एका पिढीने दिलेले दान पुढील पिढीने जपले, तरच ते खऱ्या अर्थाने सार्थकी लागते.