जुनी मोटार : घेणे, विकणे आणि राखणे

जुनी मोटार विकत घ्यावयास निघालेला गृहस्थ बहुधा प्रथम बॉनेट उघडावयास सांगतो, इंजीन सुरू करवितो, त्याच्या आवाजाला कान लावतो आणि आवाज कानाला बरा लागला की बयाणा देऊन मोकळा होतो. इंजीन म्हणजे मोटारीचे हृदय. ते धडधाकट असले म्हणजे झाले, अशी त्याची समजूत असते. वसई-विरारसारख्या समुद्रकाठच्या मुलखात ही समजूत पुष्कळदा महागात पडते. येथे जुन्या मोटारीचा घात करणाऱ्या गोष्टी दोन आहेत : एक तिचा पत्रा आणि दुसरी तिचे कागद. इंजीन बिघडले तर ते उतरवून, बोअर करून, पिस्टन आणि रिंगा बदलून पुन्हा उभे करता येते, आणि त्या कामास काय लागेल याचा अंदाज कोणताही जाणता मेस्त्री आगाऊ देऊ शकतो. आतून कुजलेल्या पत्र्याचा आणि घोटाळ्यात सापडलेल्या कागदांचा अंदाज मात्र कोणालाच देता येत नाही. म्हणून व्यवहार घेण्याचा असो, विकण्याचा असो वा डागडुजीचा असो, आधी पत्रा, मग कागद आणि सर्वांत शेवटी इंजीन, हा क्रम सुज्ञाने सोडू नये.

पत्र्याला प्रथम स्थान का, हे या प्रदेशाकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते. पश्चिमेस अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, आणि मध्ये ठिकठिकाणी मिठागरे. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण मोटारीच्या सांधीकोपऱ्यांत बसतात. मीठ हवेतील ओल ओढून धरते. त्यामुळे एरवी वाळून गेला असता असा पत्राही ओलसरच राहतो आणि गंजाचे काम रात्रंदिवस चालू राहते. त्यात पावसाळ्याचे चार महिने. अर्नाळा, राजोडी, कळंब किंवा भुईगाव येथील वाडीत माडाखाली दहा वर्षे उभी असलेली मोटार वरून चकचकीत दिसली, तरी तिचा खालचा भाग पाहिल्यावाचून तिच्याविषयी मत देणे धाडसाचे होईल.

येथे मोटारींच्या रचनेतील एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुन्या जीपगाडीचा सांगाडा, ज्याला सर्वजण चासी म्हणतात, तो निराळा असतो आणि त्यावर पत्र्याची पेटी बसविलेली असते. पेटी कुजली तरी सांगाडा शाबूत असल्यास दुसरी पेटी बसविता येते. फियाट ११००, तिचेच पुढचे रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर आणि मारुती ८०० यांची गोष्ट तशी नाही. या गाड्यांत पत्र्याची पेटी हाच सांगाडा असतो. चाकांचा सगळा भार त्या पत्र्यावरच पडतो. अशा गाडीचा तळ कुजणे म्हणजे घराच्या भिंतीचा गिलावा पडणे नव्हे, पायाच खचणे होय. धक्का बसल्यास आतील माणसांचे रक्षण करावयाचे तेही याच पत्र्याने.

परीक्षा भर उजेडात आणि कोरड्या गाडीवर करावी. नुकत्याच धुतलेल्या गाडीवर पाण्याची झाक असते. तिच्यामुळे रंगातील फरक झाकला जातो. लोहचुंबकाला पातळ फडके गुंडाळून तो दारांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानी आणि दारांखालचा उंबरठा यांवरून फिरवावा. जेथे चुंबक धरत नाही, तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असण्याचा संभव आहे. मग गालिचा उचलून जमिनीचा पत्रा, डिकीतील जादा चाकाची खाच, बॅटरीखालची बैठक आणि पुढच्या काचेच्या रबराखालची कड पाहावी. जॅक लावावयाच्या जागी जॅक लावून गाडी थोडी उचलावी. पत्रा करकरला किंवा आत दबला, तर भाव विचारण्याचेही कारण उरत नाही. गाडीच्या पोटाला ताजा काळा लेप दिसल्यास तो गंजापासून रक्षणासाठी दिला की गंज लपविण्यासाठी, हे टोकदार हत्याराने हलकेच टोचून पाहावे. मात्र त्यास मालकाची अनुमती असावी.

गंजाचाच एक भाऊ म्हणजे पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचीच पाळी आली. नालासोपाऱ्यास रूळ बुडून आगगाड्या थांबल्या आणि वसईच्या मिठागरांत माणसे अडकून पडली. अशा पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे बाजारात येतात. त्यांना ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आतल्या भागावर गाळाची रेघ राहिलेली असते. आसनांखालच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालील स्क्रूंवर गंज, दिव्यांच्या काचेत पाण्याची खूण, आणि सुगंधी द्रव्यांनीही न जाणारा कुबट वास, या सर्वांचा अर्थ एकच. ज्याची स्वतःची गाडी पुरात सापडेल, त्याने ती सुरू करण्याचा मोह टाळून प्रथम बॅटरीची तार काढावी. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास ते हवेसारखे दबत नाही, आणि इंजीन फिरताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

पत्रा पसंत पडला म्हणजे कागद. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्याने १५ वर्षांसाठी असते. पुढे गाडीची तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीस ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० रुपये करण्यात आली. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरील मोटारीस पर्यावरण कर पडतो, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी लावणे आवश्यक आहे. तेव्हा तीस हजारांत मिळणारी मोटार खरोखर तीस हजारांची नसते. नोंदणीची मुदत संपलेली असेल, तर हा सर्व खर्च किमतीत मिळवूनच भाव ठरवावा.

नोंदणीपुस्तकातील चासी आणि इंजिनाचे क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर जाऊन अंक-अंक ताडून पाहावेत. अक्षरे वेडीवाकडी किंवा सभोवारचा पत्रा घासलेला दिसल्यास तेथूनच परतावे. क्रमांकाची मालिकाही बोलकी असते. वसईस एम.एच. ४८ ही मालिका मिळण्यापूर्वीच्या येथील गाड्यांवर ठाण्याची एम.एच. ०४ ही अक्षरे असतात, यात वावगे काही नाही. १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर तर क्रमांकाची पद्धतच निराळी असते. परंतु गाडी परराज्यातील असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला हाती आल्याखेरीज आणि महाराष्ट्रात किती कर भरावा लागेल याची चौकशी केल्याखेरीज पैसे देऊ नयेत. दिल्लीत १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या मोटारी स्वस्त मिळू लागल्या. त्या स्वस्ताईचे कारण ठाऊक असले म्हणजे सावधपणा आपोआप येतो. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि थकलेल्या दंडाच्या पावत्या यांचीही खात्री करून घ्यावी.

इंजिनाची पारख यानंतर. ती थंड इंजिनावर करावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनावर नव्हे. निळसर धूर येत असल्यास इंजीन तेल जाळीत आहे. पांढरा दाट धूर येऊन रेडिएटरमधील पाणी उतरत असल्यास, किंवा तेलाला दुधाळ रंग आला असल्यास, हेड गॅस्केट गेल्याचा संशय धरावा. हे दोष दुरुस्त होणारे आहेत. खर्चाचा अजमास घेऊन तितकी किंमत कमी करून घ्यावी.

विकणाऱ्याची जोखीम घेणाऱ्याहून कमी नाही, उलट ती अधिक काळ टिकणारी आहे. पैसे हाती आले, किल्ली दिली, की आपला संबंध संपला, असे अनेक सज्जन मानतात. कायदा तसे मानीत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मोटार अनेक हातांतून गेली होती, परंतु नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. त्या मोटारीने अपघात होऊन एका बालकाचा मृत्यू झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर ठेवली. पत्राचोरीपेक्षाही हा कागदाचा गंज अधिक भयंकर आहे, कारण तो घरात बसलेल्या माणसाला गाठतो. म्हणून २९ आणि ३० क्रमांकांचे नमुने स्वतः भरून, सही करून, राज्यातल्या राज्यात विक्री असल्यास १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे. घेणाऱ्यास ही मुदत ३० दिवसांची आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या हाती सोपविणे हा शुद्ध अविचार होय. गाडी दिल्याची पावती दिवस आणि वेळ घालून दोन प्रतींत करावी, विम्याच्या कंपनीस कळवावे आणि काचेवरील फास्टॅग बंद करावा. नाही तर गाडी दुसऱ्याची आणि खानिवड्याच्या नाक्यावरील पथकर पहिल्या मालकाच्या खात्यातून, असा प्रकार घडतो.

आता जीर्णोद्धाराविषयी. वडिलांची फियाट किंवा आजोबांची जीप पुन्हा रस्त्यावर आणावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र या कामात चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होण्याचा संभव फार. पुष्कळ लोक आरंभी रंग काढतात, आणि तेथेच चूक करतात. प्रथम पत्राकाम, मग ब्रेक आणि चाकांची जोडणी, मग इंजीन, मग विजेच्या तारा, मग रंग, आणि शेवटी आसने व अंतर्भाग, असा क्रम असावा. गाडी सोडविताना प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्यावे आणि खिळे-स्क्रू निरनिराळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवावेत. गॅरेजवाल्याशी काम टप्प्याटप्प्याने लेखी ठरवावे व पैसेही त्याच टप्प्यांनी द्यावेत; सगळी रक्कम आगाऊ घेतलेल्या गॅरेजात गाड्या वर्षानुवर्षे उघड्या पडून राहतात. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर तिचे सुटे भाग सहज मिळत. २०२३ च्या ऑक्टोबरात ती टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. आता कुर्ल्याचा सी.एस.टी. मार्ग आणि चोरबाजार धुंडाळावा लागतो. जो भाग तेथेही मिळत नाही, तो वसई पूर्वेकडील वालीव-सातिवलीच्या लहान कारखान्यांत जुन्या नमुन्यावरून लेथवर करून घेता येण्यासारखा असतो. हे सुख सर्वच गावांना नाही.

इंजीन बदलण्याचा विचार करणाऱ्याने मात्र थोडे थांबावे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी निराळी नोंदणी सुरू केली. तिची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे. अशी मोटार नित्याच्या वापरास किंवा धंद्यास चालत नाही. प्रदर्शने, मिरवणुकीच्या फेऱ्या, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणावी लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी या नावाने मोटार १९७४ पासून निघू लागली. म्हणजे पहिल्या पद्मिनींना २०२४ मध्येच ५० वर्षे झाली. कालपर्यंत जी केवळ जुनी गाडी होती, ती आता वारसा ठरू पाहते. तिच्यात परके डिझेल इंजीन बसविणारा मालक परवानगीच्या कटकटीत पडतो, आणि वर हा मानही गमावतो.

गाडी राखणे हे घेण्याइतकेच महत्त्वाचे. पावसाळा संपताच तिचे पोट गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ असते, त्याने धुणे म्हणजे मीठ धुण्यासाठी मीठच ओतणे. दारांच्या तळाची पाणी निघण्याची भोके मोकळी ठेवावीत. प्लास्टिकचे आच्छादन ओल कोंडून धरते. त्यापेक्षा छप्पर आणि वारा बरा. अलीकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला बाधते. म्हणून जुन्या मोटारीच्या पेट्रोलच्या नळ्या नव्या जातीच्या बसवाव्यात आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नये.

आणि जी गाडी खरोखरच राखण्यापलीकडे गेली असेल, ती भंगारवाल्याच्या हाती परस्पर देऊ नये. तिची चासीपट्टी आणि कागद चोरीच्या गाडीला चिकटविले जाण्याचे भय असते. सरकारमान्य भंगार केंद्रात ती देऊन दाखला घ्यावा आणि नोंदणी रद्द करवावी. ममता कितीही असली, तरी ज्या मोटारीच्या तळाला भोक आहे आणि ब्रेकचा भरवसा नाही, तिच्यात मुलाबाळांना बसविणे हे प्रेम नव्हे. पत्रा ठणठणीत आणि कागद निर्मळ असतील, तर मात्र चाळीस वर्षांची मोटारही विश्वासू गड्यासारखी घरची सेवा करते. तिच्यावर केलेला खर्च वाया जात नाही.