आहारविवेक आणि बेकरीतील पाव

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पाणी गाळणे, धान्य निवडणे, कंदमूळ वर्ज्य करणे ही जैन स्वयंपाकघराची पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे. मात्र चहाबरोबर बेकरीचा पाव घरात आला, आणि निवडण्याचे काम गृहिणीच्या हातून बेकरीवाल्याकडे गेले.

मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि थोडी साखर एवढ्यावर पाव होतो. प्रत्यक्षात तो मऊ राहावा म्हणून इमल्सिफायर, बुरशी धरू नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट, शिवाय सोयापीठ वा दूधपावडर असे अनेक पदार्थ त्यात मिसळले जातात. तकाकी यावी म्हणून काही ठिकाणी बनवर अंड्याचा हात फिरवला जातो. ४७१ क्रमांकाचे इमल्सिफायर वनस्पती तेलापासून होते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही होते. नुसत्या क्रमांकावरून त्याचा उगम कळत नाही. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला, की केवळ सांकेतिक क्रमांक न देता घटक वनस्पतिजन्य, प्राणिजन्य की प्रयोगशाळेत तयार झालेला, हेही वेष्टनावर स्पष्ट लिहावे.

हिरवा ठिपका पाहून श्रावक निश्चिंत होतो. परंतु २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी पदार्थांच्या व्याख्येतून दूध व मध वगळलेले आहेत. अर्थात मध घातलेल्या पावावरही हिरवा ठिपका येऊ शकतो. जैन आचारात मध अभक्ष्य आहे. लसूण-कांद्याविषयी तर तो ठिपका काहीच बोलत नाही. कायद्याचा शाकाहार आणि श्रावकाचा आहारविवेक यांत असे अंतर आहे.

हा प्रश्न केवळ व्रताचा नाही, प्राणांचाही आहे. जुलै २०१६ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नताशा एडनान-लापेरूज या पंधरा वर्षांच्या मुलीने एका दुकानातून भरलेला लांबट पाव घेतला. तिला तिळाची ॲलर्जी होती. तीळ वर पसरलेले नव्हते, कणकेतच मळलेले होते. पाव दुकानातच तयार झालेला असल्यामुळे त्याच्या वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक लिहिण्याचे बंधन तेव्हा नव्हते. ती मुलगी वाचली नाही. तिच्या आई-वडिलांच्या प्रयत्नांतून १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये अशा पदार्थांवर सर्व घटकांची यादी अनिवार्य झाली.

भारतातील २०२० च्या नियमांनी गहू व अन्य ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणावरील सल्फाइट यांची घोषणा वेष्टनावर बंधनकारक केली. त्या यादीत तीळ नाही. शिवाय कागदात गुंडाळून मिळणाऱ्या सुट्या पावाला लेबलच नसते. तेथे ग्राहकाचा आधार एकच, विक्रेत्याचा शब्द.

कापडाच्या ताग्याच्या काठावर सूत किती आणि कृत्रिम धागा किती हे छापलेले असते. अंगावर घालावयाच्या वस्त्राविषयी एवढी दक्षता, तर पोटात जाणाऱ्या अन्नाविषयी मौन का? अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. एक वस्तू दाखवून दुसरी मिसळून देणे, असा त्याचा आशय आहे. विचारणाऱ्या ग्राहकापासून घटक दडवणे हे त्याच दोषाच्या वाटेने जाते.

उपाय कठीण नाही. बेकरीवाल्याने घटकांची पाटी मराठीत लावावी. अंड्याचे पदार्थ आणि बिनअंड्याचे पदार्थ यांचे ट्रे व ब्रश वेगळे ठेवावेत. ग्राहकाने संकोच न करता विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर वस्तू नम्रपणे परत करावी. या न्यासाच्या स्वामीवात्सल्यातही प्रत्येक पदार्थाजवळ त्यातील घटकांची चिठ्ठी ठेवण्याची प्रथा या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून सुरू व्हावी. पंगतीत बसलेल्या एखाद्या बालकाला शेंगदाण्याचे कूट सोसत नसेल, तर त्याच्या आईला विचारत फिरावे लागू नये. सांगितलेला एक शब्द एका जीवाचे रक्षण करू शकतो. जीवदयेचा आरंभ पानात वाढलेल्या घासापासून व्हावा, हीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.